वावरातला साबण

माही जीभ तिखट हाये. हे पहिलेच सांगून ठेवते, म्हणजे मंग कोणी म्हणू नये का विमलनं आपल्या सोयीनं गोष्ट सांगतली.

त्या वर्षी कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावरून गेली. रोडनं जाणारे म्हणत, वा, काय पीक हाये! पण बोंड फोडून पाह्यलं का अंदर गुलाबी अळी लोळून राह्यलेली. पोळा झाला तसा रोज कोणाच्या ना कोणाच्या वावरात फवारणीच्या पंपाचा आवाज. हवा अशी बंद, का तुरीचं पान हालत नव्हतं. अंगाले घाम चिकटून राहे, अन् घामावर त्या औषधाचा वास. अन् तेव्हाच बातम्या याले लागल्या. अमक्या गावचा गडी फवारता फवारता घेरी येऊन पडला. तमक्याच्या डोळ्याले दिसेनासं झालं. एक तर वावरातून घरीच आला नाई. मंग फवारणीचे गडी भेटेनात. काही देतो म्हटलं तरी दुरूनच हात जोडत. आर्णीच्या बाजारात बी बायायच्या तोंडी तेच. रातच्याले झोप नाई लागे. दिवसा हातातलं काम हातात राहे अन् नजर वावराच्या बांधाकडे, धुऱ्याकडे जाये.

आमच्या घरात माणसं तीन. मी, आमचे हे अन् सून अर्पिता. ह्यायचं नाव घ्यावं नाई, पण गोष्टीपुरतं घेते, बबनराव. पोरगा अंकुर ट्रकवर. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रोडले लागला का पंधरा-पंधरा दिवस त्याचा पाय घरी नाई. मंग पंप पाठीवर घेणार हे. विहिरीचं पाणी आणून टिपाडात औषध कालवणार अन् पंप भरून देणार अर्पिता. ढोरं, भाकरी, गवत माह्याकडं.

अन् आमच्या घरचा एक रिवाज. सासऱ्यासमोर सुनेच्या डोक्यावरचा पदर खाली येत नाई, अन् सासरा सुनेसंग सरळ बोलत नाई. "तिले सांग पाणी आणाले," असं मले सांगत, ती दोन हातावर उभी असली तरी. मी बी अशीच नांदली. एक खेप पदर सरकला म्हणून माह्या सासूनं चुलीजवळची फुकणी फेकून मारलीती. मंग मी काय, तेच पुढं चालवून राह्यलीती. फुकणी फेकली नाई एवढंच. जीभ होतीच.

जमनी आमच्या गावची आशाताई, सरकारी दवाखान्याची. तांड्यावरची, राठोडाची पोरगी. पायात सिलिपर, खांद्याले पिशवी, अन् बोलणं असं ठाम का पाटलालेही खाली बसवन. दर मंगळवारी दुपारी ती आमच्या आळीतली पाच घरं घेई. तिचं म्हणणं, एकट्या बाईले सांगतलं का ते चुलीत जाते. अख्खं घर बसलं पाहिजे. ओसरीवर चटई टाकून ती चित्राचा कागद पसरे अन् सांगून झालं का म्हणे, "आता मले परत सांगा. आपापल्या बोलीत."

"औषध अंगावर पडून माणूस पडला, तर पाच बोटं." जमनी हात पुढं करे. "अंगठा. माणसाले वावराच्या बाहेर काढा. दुसरं बोट. अंगावरचे कपडे काढा. तिसरं. साबण-पाणी, डोक्यापासून पायापर्यंत. चौथं. तोंडात काही घालाचं नाई. ताक नाई, लिंबू नाई, उलटी काढाची नाई. करंगळी. औषधाचा डबा संग घ्या अन् दवाखाना गाठा."

अर्पिता घडाघडा परत सांगे. हे खांबाले टेकून बैलाकडं पाहत बसत. ऐकत का नाई देवाले माहीत. माही पाळी आली का मी उठून उभी.

"मले काय ह्या वयात परीक्षा देयाची हाये? मॅट्रिकले बसली का मी?"

"परीक्षा नाई वो काकू," जमनी हासे. "वेळेवर तोंडातून निघालं पाहिजे."

"वेळ येईन तवा पाहून घेऊ. ढोरायले पाणी दाखवाचं हाये मले."

अर्पितानं तो कागद सयपाकघराच्या दाराले आतून पिठाच्या खळीनं चिकटवला. मी बडबडली, पण दाराची फळी फुटेल होती, ती झाकली गेली म्हणून राहू देल्ला. मंग एक दिवस तिनं कपडे धुवाच्या साबणाचा तुकडा करवंटीत घालून वावरातल्या विहिरीवर टांगला. तवा मले हासूच आलं.

"काहून वो, वावरात हळद लागाची हाये का तुले?"

"राहू द्या आत्याबाई. खात थोडाच हाये तो."

तिसऱ्या का चौथ्या मंगळवारी जमनी आली तवा अर्पिता वावरातून नुकतीच आलती. अंकुरचा जुना फुलबाह्याचा शर्ट साडीवरून घातलेला, अन् पदर डोक्यावरून घेऊन नाकातोंडावरून मागं बांधलेला. जमनीनं जवळ जाऊन पदराले हात लावला. ओला होता.

"अर्पिता, हा पदर काढत जा. ओला झाला का विषाची पट्टीच बांधली म्हणून समज. डोक्याले टोपी घाल. तोंडाले कोरडा रुमाल. तो ओला झाला का बदल."

माह्या डोक्यात आगच गेली. "जमने, तुह्या तांड्यावर काय चालते ते तांड्यावर. आमच्या घरच्या सुना सासऱ्यासमोर बोडक्यानं फिरत नाई."

अर्पिता भिंतीकडं पाहाले लागली. ह्यायनं घसा साफ केला अन् बैलाचा दोर सोडाले उठले. जमनी चिडली नाई. चटई गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाली, "काकू, विषाले सासरा कळत नाई."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, असं म्हणून म्या ते सोडून देल्लं.

तो बुधवार होता. सकाळपासून आभाळ भरून अन् वारा बंद. दुकानदारानं दोन डबे देल्ले होते, म्हणे दोन्ही एकात कालवून मारा, अळीचा बाप मरन. घरून निघताना अर्पिताचा पदर सारखा घसरे. ती एका हातानं पाण्याचा गुंड सावरे अन् दुसऱ्यानं पदर. मी वैतागली. "थांब," म्हटलं, अन् पदर डोक्यावरून नाकातोंडावर घेऊन मानेमागं म्या स्वतः करकचून गाठ मारली. ती गाठ मले आजही हाताले लागते.

मी तुरीत गवत कापून राह्यलीती. ह्यायचं डोकं पराटीत दिसत नव्हतं, नुसता पंपाचा घरघर आवाज अन् वर धुक्यासारखा फवारा. तो वर जाये अन् जागच्या जागी खाली बसे. त्याच्याच मागं अर्पिता. विहिरीचे गुंड डोक्यावर आणून टिपाडात रिकामे करे, तुराटीनं ढवळे, भरलेली बादली घेऊन पराटीच्या दोन ओळीमधल्या तासातून पंपापर्यंत जाये. जाता-येता पराटीचे ओले शेंडे तिच्या तोंडावर घासत. पदर ओला होये, उकाड्यानं वाळे, परत ओला होये. दुपारपर्यंत अशा किती खेपा झाल्या कोण मोजते.

जेवाले बसलो तवा तिनं भाकरीचा एक कुटका मोडला अन् तसाच ठेवला.

"डोळे चुरचुरतात आत्याबाई. मळमळून राह्यलं."

"सकाळी चहा पेली नाई ना, मंग मळमळनच. खा गुमान."

"डोकं बी..."

"मी चार महिन्याचं पोट घेऊन वखरामागं चालली वो, तुमचे आपले नखरे."

हो, हेच म्हटलं म्या. कमी-जास्त काही नाई. ती उठली, गुंड डोक्यावर घेतला अन् गेली. पदर तसाच बांधलेला, गाठ तशीच.

दोन तास गेले असन. बादली पडल्याचा आवाज आला. मंग ह्यायची हाक, "अंकुरच्या माय! अवं पडली वो, पडली!"

मी विळा हातातच घेऊन पळाली. तासामधी अर्पिता आडवी पडलेली, हात-पाय बारीक बारीक थरथरून राह्यलेले, तोंडातून लाळ पदराखालून गळ्यावर. हे पंप पाठीवर घेऊन उभे, पंप चालूच. "बंद करा ना तो!" म्हणून मी ओरडली. तिच्या काखेत हात घालून दोघांनी धुऱ्यावर ओढत आणली. ह्यायनं तिले हात लावला तो पहिल्यांदा, लग्नाले सहा वर्ष झालती तरी.

शेजारच्या वावरातून देवराव अन् त्याचे दोन माणसं धावत आले.

"वहिनी, ताक पाजा," देवराव म्हणे. "ताकानं विष उतरते. भरपूर पाजा अन् ओकू द्या."

ताक होतं माह्याकडं, किटलीत. जेवणाचं उरलेलं. म्या पदर तिच्या तोंडावरून खाली ओढला, गिलास भरला अन् तिचं डोकं मांडीवर घेतलं. गिलास ओठाले लावणार तो तिचा हात आला. बोलता येत नव्हतं तिले. तिनं माहा हात पकडला, चाचपडत करंगळीच्या शेजारचं बोट धरलं, अन् दाबलं. दाबतच राह्यली.

चौथं.

इतके मंगळवार मी ऐकत नाई असं दाखवून राह्यलीती. पण कान काय घरी काढून ठेवत होती का? त्या एका बोटासंग सगळे बोटं आठवले. अंगठा झाला, धुऱ्यावर आणलं. चौथं हे. मंग दुसरं? दुसरं बोट आठवलं अन् म्या वर पाह्यलं. समोर तिचा सासरा, देवराव, दोन परके माणसं, अन् उघडं वावर.

म्या गिलास फेकून देल्ला.

"पाठ करा!" म्हटलं. "सगळे पाठ करा!"

देवरावले समजलंच नाई. हे म्हणाले, "इथं? माणसायसमोर? येडी झाली का तू? घरी नेऊन काय कराचं ते..."

"घरी जाईपर्यंत मरन ती! पाठ करा म्हणते ना!"

फिरले. चौघंही फिरले. म्या गाठीले हात घातला. ओली गाठ, माह्याच हातची, सुटता सुटेना. नखं मोडले. तवा विळा घातला अन् पदर कापला. लाल पदर होता, मागच्या दिवाळीले म्याच घेऊन देल्ला होता. शर्ट, साडी, सगळं काढून दूर फेकलं. माय वो, मी आपल्या सुनेले दिवसाढवळ्या वावरात उघडी केली. अन् मले सांगा, दुसरं काय कराले पाहिजे होतं?

तिले विहिरीजवळ नेलं, अर्धं उचलून, अर्धं ओढून. मोटार चालू करावं तर लाइन गेलेली. म्या ओरडली, "पाणी काढा!" हे विहिरीवर आले. आमच्याकडं पाठ करून दोर ओढत, अन् भरलेली बादली न पाहता हातानं मागं सारत. मी सांडो, ते काढत. करवंटीतला साबण म्या घेतला. केसाले लावला, कानामागं, मानेले, काखेत, नखात. डोळे उघडून उघडून पाणी मारलं. ज्या साबणाले हासली होती, तो घासून घासून चपटा झाला.

"पांघराले!" म्हटलं. वावरात कोरडं काय राहते? निंबाले ह्यायचा धुतलेला दुपट्टा टांगेल होता. क्षणभर थांबले ते. सासऱ्याचा दुपट्टा सुनेच्या अंगाले, आमच्यात कोणी ऐकलंही नसन. मंग तसेच उलट्या पावलानं आले अन् हात मागं करून दुपट्टा देल्ला.

दुपट्ट्यात गुंडाळून तिले रोडवर नेलं, तिथं गावातल्या घनश्यामचा ऑटो भेटला. मी चढली अन् उतरली. परत पळत टिपाडाजवळ गेली, दोन्ही डबे उचलले अन् ओच्यात खोचले. घनश्याम ओरडे, "काकू, चला ना वो, डबे कायले?" म्या म्हटलं, "करंगळी राह्यली." त्याले वाटलं बुढीचं डोकं फिरलं.

आर्णीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरणी होती. अर्पिताच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहत म्हणाली, "काय फवारत होते? नाव माहीत आहे?" म्या ओच्यातून डबे काढून टेबलावर ठेवले. एकावर विषाच्या खुणेचा पिवळा तिकोन, एकावर निळा. तिनं दोन्ही वाचले, लगेच सिस्टरले सुई सांगतली, मंग मले विचारलं, "काही पाजलं का? धुतलं का?" अन् म्या सांगतलं. वावराच्या बाहेर काढलं, कपडे काढले, साबणानं धुतलं, तोंडात काही घातलं नाई, डबे आणले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाले धडा परत सांगतला, तोही धापा टाकत.

"बरं केलंत," ती म्हणाली. "दोन वेगवेगळी विषं आहेत. माहीत नसतं तर अंदाजानं जावं लागलं असतं."

तिथून यवतमाळ. पाच दिवस. त्या पाच दिवसात मी बसली असन तर शपथ. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिस्टर म्हणे, "आजी, बसा ना." बसली का ती गाठ हाताले लागे. मंग परत उठो. हे बाहेर झाडाखाली. आत आले नाई. अंकुर ट्रक सोडून आला तवा त्याच्यासमोर म्या सगळं सांगतलं, गाठीसकट. तो उठून बाहेर बापाजवळ झाडाखाली जाऊन बसला. भांडला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी अर्पितानं मले ओळखलं. म्हणाली, "आत्याबाई, ताक पाजलं का?"

"नाई वो माय," म्हटलं, अन् मंग मले रडू आलं, मोठ्यानं, लोकं पाहाले लागले तरी.

घरी आणली. डोळ्याले अजून धुंद दिसे, पण हिंडू-फिरू लागली. गावाले मात्र दुसरंच दिसलं होतं. हापशीवर देवरावची बायको पदर तोंडाले लावून म्हणे, "काय वो, सुनेचं न्हाणं वावरात केलं म्हणे? गड्यायसमोर?"

"हाओ, केलं," म्हटलं. "जित्ती घरी आणली. तुह्या घरी असं झालं तर साबण माह्याकडून नेजो, अन् नवऱ्याले ताक पाजू नको म्हणून सांगजो."

तिचं तोंड बंद झालं, गावाचं कुठं होते? पण मले गावाची नव्हती पडली. मले घरची पडलीती. हे घरात पाय टाकत नव्हते. ओसरीवर ताट, ओसरीवर बाज. अर्पिता बाहेर आली का हे उठून गोठ्यात. आठ दिवस मी पाहत राह्यली, नवव्या दिवशी गोठ्यात गाठलं.

"तिच्यावर राग हाये का?"

"तिच्यावर कायले?" हे बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राह्यले. "पंप माह्या पाठीवर होता. मागं फिरून एक डाव तिच्याकडं पाह्यलं असतं तर दिसलं असतं ना तिले काय होऊन राह्यलं. पाहाचं नाई, बोलाचं नाई. आता कोणत्या तोंडानं समोर जाऊ?"

रिवाज आम्ही दोघायनंही पाळला होता, अन् मरत होती ती.

अर्ध्या वावराची फवारणी बाकी होती. जमनीनं सांगतलं तशी केली: सकाळी लवकर, वारा पाठीशी घेऊन, एकच औषध, जेवून. पाणी आणाले ह्या खेपी मी गेली. लुगड्यावर अंकुरचा शर्ट, तोंडाले कोरडा रुमाल, अन् डोक्यावर पदर नाई, अंकुरची टोपी. गावातून जाताना देवरावच्या दारात हासू झालं. हे पुढं चालत होते. थांबले, मागं वळले, अन् मी बरोबरीनं येईपर्यंत तिथंच उभे राह्यले. पराटीच्या दर दुसऱ्या तासाले पंप बंद करून मले पाहत, "बरी हायेस ना?" म्हणून विचारत. मले त्याची सवय नव्हती, मी खेकसो, "बरी नाई तर काय!"

अकराच्या सुमारास घरी आलो. फाटकात पाय टाकणार तर समोर अर्पिता. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात साबण, दोरीवर आमचे दोघायचे धुतलेले कपडे.

"थांबा आत्याबाई. अंदर यायचं नाई."

"काहून?"

"पहिले सांगा. पाची बोटं."

"अवं, पडलं कोण हाये? ऊन पाह्य किती झालं!"

"पडल्यावर कोणाले सुचते? सांगा."

डोळे किलकिले करून ती मले पाहून राह्यलीती. धुंदीतून मी कितीशी दिसत असन कोण जाणे. म्या टोपी काढली, हात वर केला अन् गुमान चालू केलं. अंगठा. मंग दुसरं. दुसऱ्या बोटाशी आली अन् म्या म्हटलं, "कपडे काढाचे. त्यातही पहिले पदर. कोणीही समोर असो."

"हे जमनीताईनं नाई सांगतलं," अर्पिता म्हणाली.

"मी सांगते."

तवा माह्या ध्यानात आलं. ती अंगणात उभी होती, हे माह्या मागं पाच पावलावर उभे होते, अन् तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तिच्याही ध्यानात आलं. बादली खाली ठेवून हात खांद्याकडं गेला. मी तोंड उघडणार, तो मागून आवाज आला. सहा वर्षात तो आवाज तिच्याशी कधी सरळ बोलला नव्हता.

"सुनबाई," हे म्हणाले, "राहू दे तो पदर. सासूचं झालं असन तर माहे बोटं घे. मी बी पाठ केले हायेत."